चुकांचं कपाट

बाइंडरिणीच्या घरात पुस्तकं भरपूर होती, पण धड एकही नव्हतं. यात कमीपणा काहीच नाही. उलट अभिमानाचीच गोष्ट, फक्त ती जरा समजावून सांगावी लागते.

खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. त्यांच्या घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा व्हायचा. लांबलचक टेबलावर पहिल्या फर्म्याचा ढीग, शेजारी दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, असे ओळीने ढीग लागायचे आणि कामाच्या बायका टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातला एकेक उचलून पुस्तक जुळवायच्या. आता चालता चालता एखादीला शिंक आली, एखादी कोणाच्या घरची भानगड ऐकायला घटकाभर थबकली, की एकाच ढिगातले दोन फर्मे हाताला लागायचे आणि पुढचा ढीग राहून जायचा. मग पुस्तकात एक मजकूर दोनदा, आणि त्याच्या पुढचा गायब. कधी फर्मा खालचा वर होऊन शिवला जायचा. अशी चुकलेली पुस्तकं बाइंडरीण स्वतः हुडकून काढायची. ती वाचायची नाही. शाळा तिला लागलीच नव्हती. लागायच्या आत चूल लागली. ती फक्त पानांचे आकडे बघायची, आणि त्या बाबतीत तिच्या डोळ्यांत कोणी धूळ फेकून दाखवावी.

"चुकलेलं पुस्तक या दारातून बाहेर जाणार नाही," हा तिचा नियम. गिऱ्हाइकाला नवं करून द्यायचं आणि चुकलेलं वर घरात न्यायचं. रद्दीत घातलं तर रद्दीवाला चार लोकांपुढे उघडून बसणार, की बघा, हे यांचं काम! त्यापेक्षा आपली लाज आपल्या घरात बरी. नवरा होता तोवर तो म्हणायचा, "अगं, जाळून टाक." पण पुस्तक जाळायला तिचा हात धजायचा नाही. शिवलेलं असतं ना शेवटी.

तर असं ते कपाट भरत गेलं. घरात त्याला चुकांचं कपाट म्हणायचे. थोरल्या मुलाने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला कटिंग मशीन आवडायचं. धाकटी मुलगी मात्र त्या कपाटावरच वाचायला शिकली. त्यामुळे बरीच वर्षं तिची अशी समजूत होती की पुस्तकं अशीच असतात. गोष्ट मध्येच तुटते, मग आपण आईला विचारायचं.

त्यातल्या एका जाड कादंबरीत सातवा फर्मा दोनदा होता आणि आठवा नव्हताच. सातव्यात एका दुकानदाराच्या मुलाचं लग्न लागायचं, बायको घरात यायची, आणि फर्म्याच्या शेवटी नवरा पायात बूट चढवून पावसात बाहेर पडायचा. पान उलटलं की पुन्हा तेच लग्न, तेच बूट, तोच पाऊस. आणि त्याच्या पुढच्या पानावर एकदम ती बाई एकटीच दुकानात बसलेली, किल्ल्या कमरेला, आणि दीर वाटणीसाठी दारात उभे. नवरा मेलेला. कसा, कधी, कोणाला ठाऊक.

"आई, तो कसा मेला?"

बाइंडरीण सरस लावता लावता सांगायची. एकदा तो पूल तुटून वाहून गेला, दुसऱ्याची घोडी वाचवताना. एकदा बुटातच साप निघाला. एकदा त्याला चाच्यांनी पळवला आणि त्याने त्यांच्या म्होरक्याला बुद्धिबळात हरवला म्हणून त्यांनी चिडून त्याला मारला. दर वेळी वेगळं. कामाच्या बायका हातातलं काम टाकून ऐकायच्या, आणि त्या दिवशी चुकलेली पुस्तकं जरा जास्तच निघायची.

धाकटीचे वडील त्याच सुमाराला गेले होते. साधा ताप, आणि आठवड्याच्या आत खेळ खलास. त्याबद्दल पोरीने आईला कधी काही विचारलं नाही. विचारायची ती पुस्तकातल्या नवऱ्याबद्दलच.

पोर शिकली, हवामान खात्यात लागली, आणि पहिलीच नेमणूक निघाली ती एका बेटावर. बेटावर एक खोली, एक मनोरा, वारा नि पाऊस मोजायची यंत्रं, आणि ही. बोट महिन्यातून एकदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर. बातमी कळवायला बिनतारी यंत्र होतं, पण त्यावर घरगुती बोलायला मनाई. असं एक वर्ष.

"दिल्या घरी गेली असतीस तर भांडायला चार माणसं तरी असती," बाइंडरीण म्हणाली. "तिथे कोणाशी भांडणार?"

"वाऱ्याशी."

"तो ऐकून घेणार आहे का?"

"तू तरी कुठे ऐकून घेतेस?"

यावर थोरला हसला आणि आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मशीनला तेल घालायला खाली निघून गेला. त्यानंतर बाइंडरिणीने जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. पोरीने जाताना या घरातलं काहीतरी, आईच्या हातचं, मानाने बरोबर न्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण मनातलं तोंडाने मागायचं तर जीभ टाळ्याला चिकटायची. दुसऱ्याला बोलायला हीच जीभ कशी सुरीसारखी चालायची, ते गल्लीला विचारा.

खात्याने एकच पेटी न्यायची परवानगी दिली होती. कपडे, औषधं, दिवा, बिछाना भरून झाल्यावर कोपऱ्यात तीन पुस्तकांची जागा उरली. मग काय, जो उठेल तो सल्ला देऊ लागला. समोर राहणारे मास्तर एक जाडजूड पुस्तक घेऊन स्वतः आले.

"एकटीने राहायचं म्हणजे मनाला खाद्य हवं," ते म्हणाले. "हे शंभरदा वाचलं तरी दर वेळी नवीन."

"तुम्ही कितीदा वाचलंत, मास्तर?" बाइंडरिणीने विचारलं.

"मी... अजून चालू आहे."

थोरला म्हणाला, "जाड आहे ते बरं आहे. वाऱ्याने कागद उडाले तर वर ठेवायला होईल." सूनबाई म्हणाली, "वन्सं, स्वयंपाकाचं एखादं न्या. तुम्हाला पाणी तापवण्यापलीकडे येतंय काय?" नणंदेने ते हसण्यावारी नेलं. खरं होतं म्हणून.

पण तिने पुस्तकं काढली ती चुकांच्या कपाटातून. एक खुनाची गोष्ट, जिचा शेवटचा फर्मा नव्हता. खून कोणी केला यावर त्या घरात वर्षानुवर्षं दोन तट होते. दुसरं एक प्रवासवर्णन, ज्याच्या मधली सोळा पानं उलटी होती. आणि तिसरी ती दोन लग्नांची कादंबरी. तिन्ही तिने पलंगावर ठेवली आणि बाइंडरीण दारातच थिजली.

"ही नेणार?"

"हो."

"मास्तरांचं धड पुस्तक सोडून ही?"

"धड पुस्तक एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी तिथे काय करू? यात मला काहीतरी काम असतं."

"काम करायला यंत्रं दिलीत ना सरकारने? आणि बोटीवरच्या माणसाने उघडून पाहिलं तर? तपासणीला कोणी साहेब आला तर? पहिल्याच पानावर आपला शिक्का आहे!"

"आई, साहेब पाऊस बघायला येईल. पुस्तकं कशाला बघेल?"

"पावसात माणूस दुसरं काय करतो?"

धाकटी हसली आणि मोजे शोधायला गेली. बाइंडरिणीने तिन्ही पुस्तकं खालीवर करून पाहिली. खुनाच्या गोष्टीचं तिला फारसं वाटलं नाही. शेवटची पानं नसली तर लोक वाचणाऱ्याला नावं ठेवतात, बांधणाऱ्याला नाही. प्रवासवर्णन कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी दडपता आलं असतं. पण ती कादंबरी! एकच लग्न दोनदा! आंधळ्यालाही हाताने कळावं अशी चूक. आणि हात लागून लागून तिची पाठ सुटलेली, पुठ्ठे पिचलेले. पोरीचा जीव त्याच पुस्तकावर जास्त आहे हे आईला माहीत होतं. मग तिने ठरवलं. इतकी वर्षं ते मनात आलं नाही याचंच तिला नवल वाटलं.

नाक्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे त्याच कादंबरीची एक पूर्ण प्रत निघाली. कोणाचा तरी चहा सांडलेली, कडेला वाळवी लागलेली. दुसरी एखादी आई तीच पुसून-बिसून मुलीला देती. बाइंडरीण ती घेऊन कारखान्यात आली, दोरा कापला, आठवा फर्मा तेवढा सोडवून घेतला आणि बाकीची प्रत बाजूला सारली. मग पोरीचं पुस्तक उसवलं. दुसरा सातवा काढून टाकला, आठवा त्याच्या जागी बसवला. एकशे तेरापासून एकशे अठ्ठावीसपर्यंत आकडे बरोबर लागले. आत काय लिहिलंय ते तिने पाहिलं नाही. आकडे जुळले की पुस्तक जुळलं.

"सासूबाई, वन्संना विचारलंत का?" सून म्हणाली.

"दुरुस्तीला काय विचारायचं? तुझा दात दुखतो तेव्हा डॉक्टर दाताला विचारतो का?"

मेण लावलेल्या दोऱ्याने तिने ते शिवलं. थोरल्याला मशीनजवळ येऊ दिलं नाही. कडा स्वतः कापल्या, धाग्याएवढीही कमी-जास्त नाही. नवे पुठ्ठे, कापडी पाठ, चामड्याचे कोपरे, आणि पाठीवर सोनेरी अक्षरं. अशी बांधणी तिने कितीतरी वर्षांत केली नव्हती, कारण अशी मागणारंही कोणी उरलं नव्हतं. कामाच्या बायका एकेक करून बघून गेल्या. एकीने हात लावला तर, "आधी हात धू," म्हणून ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिने ते पुस्तक उघड्या पेटीवर ठेवून दिलं. हातात दिलं नाही. आणि खिडकी पुसायला घेतली, जी आदल्याच दिवशी पुसली होती.

धाकटी आली. पुस्तक उचललं, वळवून पाहिलं. ओळखायला तिला वेळ लागला.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलंस म्हणजे? पुस्तक केलं. आधी ते नव्हतं."

"दुसरं लग्न कुठे गेलं?"

"एका माणसाला एक पुरतं."

धाकटी उभ्या उभ्याच वाचू लागली. सोळाच्या सोळा पानं वाचली. खाली हातोड्याचे ठोके चालू होते. बाइंडरीण एकच काच पुसत राहिली.

"ताप आला त्याला," शेवटी धाकटी म्हणाली.

"कोणाला?"

"नवऱ्याला. पूल नाही, साप नाही, चाचे नाहीत. पावसात भिजला, ताप आला, गेला. पानभरात आटोपलंय. बाकी सगळी वाटणीची भांडणं." तिने पुस्तक मिटलं. "बाबांसारखाच."

बाइंडरिणीचा फडका काचेवर थांबला.

"फार सुंदर बांधलंयस," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण तिकडे हवा खारी. खराब होईल ग. इथेच राहू दे."

हे गोड बोलणं बाइंडरिणीच्या ओळखीचं होतं. काम दुसऱ्या कारखान्याला द्यायचं ठरलं की गिऱ्हाईक असंच बोलतं. आधी तारीफ, मग अडचण.

"काढून टाकते," ती म्हणाली आणि खिडकीतली सुरी उचलली. "दोरा कापला की निघाला फर्मा. पाच मिनिटांचं काम."

"काढून काय उपयोग? मी वाचलाय तो."

"मग विसर."

"आई."

"दुसरं लग्न परत घालते."

"आहे का ते?"

नव्हतं. काढलेला फर्मा फाडून, शाळेच्या हजेरीपटांच्या पाठीला आतून चिकटवून झाला होता, आणि हजेरीपट शाळेत पोचले होते. बाइंडरीण सुरी हातात धरून उभी राहिली. आयुष्यात तिने चांगली बांधणी कधी कापली नव्हती. आज कापायला तयार झाली, तर कापून काही उपयोगच उरला नव्हता.

खालून थोरल्याने हाक मारली, गाडी नाक्यावर आली म्हणून. धाकटीने सोनेरी पाठीचं पुस्तक हळूच पलंगावर ठेवलं आणि रिकाम्या जागेत मास्तरांचं जाडजूड पुस्तक बसवायला घेतलं. ते पलीकडच्या गल्लीतल्या बाइंडरने बांधलेलं होतं. पाठीला नुसता सरस फासलेला, शिलाईचा पत्ता नाही. दोनदा उघडलं की पानं पाखरांसारखी उडणार. त्या माणसाचं काम तिच्या लेकीच्या उशाशी वर्षभर राहणार होतं.

"ताप आला असं कोण म्हणतं?" बाइंडरीण एकदम म्हणाली.

"अं?"

"तुझ्या त्या पुस्तकात. कोण म्हणतं?"

"पुस्तकातच लिहिलंय, आई."

"पुस्तकाला काय तोंड असतं? कोणीतरी म्हणत असेल ना. बघ की."

धाकटीने पुस्तक पुन्हा उघडलं. पान शोधलं. "मोठा दीर. तो दुकानात येऊन सगळ्यांना सांगतो."

"आणि ही कुठे होती?"

धाकटीने दोन ओळी मागे जाऊन पाहिलं. "माहेरी."

"हं." बाइंडरिणीने सुरी खाली ठेवली. "म्हणजे बायको घरात नाही. आणि वाटणीवर डोळा ठेवून बसलेला भाऊ चारचौघांत येऊन सांगतो, ताप आला नि गेला. आणि ते तू खरं धरून बसलीस. मला वाटलं होतं तुला मी जरा बरं वाढवलंय."

धाकटी पानाकडे बघत राहिली. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"मग मेला कसा?"

"मेला असं कोण म्हणतं?"

"आई, पुढे सगळं पुस्तकभर तो नाहीये!"

"नसेल. तुझा मामा नाही का, मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की कुठेच नसतो? त्याला काय मेला म्हणायचं?"

थोरला आणि गाडीवाला पेटी उचलायला वर आले. धाकटीने त्यांना थांबवलं, मास्तरांचं पुस्तक पेटीतून काढून वहिनीच्या हातात दिलं आणि सोनेरी पाठीचं पुस्तक त्या जागी घातलं. बसेना. चामड्याचे कोपरे आडवे येत होते. बाइंडरिणीने पुढे होऊन खुनाची गोष्ट आडवी केली, मोज्यांची जोडी उपसून काढली आणि पुस्तक बसवलं.

"मोजे?" धाकटी म्हणाली.

"खिशात घाल."

पेटी जिन्यावरून निघाली. पुढे गाडीवाला, मागे थोरला, त्यांच्यामागे धाकटी, आणि सगळ्यांच्या मागून बाइंडरिणीचा आवाज. तो माणूस बूट घालून निघाला तो औषध आणायला, बायकोला नाही, आईला. पण जाताना गोदामाच्या फटीतून त्याने पाहिलं, तर तिघे भाऊ आत दोरीने जमीन मोजताहेत. तो जिवंत असताना! आता असा माणूस घरी परत येईल का? तर तो नदीकडे गेला.

गाडीवाला अर्ध्या जिन्यात थांबला होता. "मग?"

"मग काय, पेटी हातात आहे ना तुझ्या? चाल!"

"भिजून ताप आला असेल," थोरला खालून म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?"

पेटी गाडीत गेली. धाकटी आईच्या पाया पडायला वाकली तर आईने तिची पाठ चाचपून पाहिली, नवी बांधणी सुकलीय का बघतात तशी, आणि सोडून दिलं. गाडीवाल्याने भोंगा वाजवला. आता त्याला बोटीची घाई आठवली होती.

"नदीवर काय झालं?" खिडकीतून डोकं काढून धाकटीने विचारलं.

"तिथे नाव होती. पण नावाडी—" भोंगा पुन्हा वाजला. "अरे, वाजव, वाजव! कान फोड माझे!"

"लिहून पाठव. महिन्याने बोट येते."

"मी? सही करताना मला घाम फुटतो."

"मी लिहून घेईन की, सासूबाई," सून मागून म्हणाली. "तुम्ही सांगा."

"तू? तू त्यात तुझं घालशील."

गाडी गेली. वळणावर धाकटीचा हात दिसला, मग तोही नाही. बाइंडरीण आत आली. सरसावर साय धरली होती त्यावरून एकीला बोलली, दोरा नीट ओढला नाही म्हणून दुसरीला बोलली. मास्तरांचं पुस्तक मास्तरांना परत पाठवलं, पण त्याआधी ते रीतसर शिवून घेतलं. तसलं काम घरात बघवत नव्हतं. कारखान्यात त्या दिवशी कोणी तोंड वर केलं नाही.

पुढच्या बोटीला अजून बरेच दिवस होते. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी बाइंडरिणीने सुनेला वरून हाक मारून बोलावलं, हात पुसायला लावले, आणि टेबलाशी स्टूल ओढून दिलं. जुळवणीच्या बायका आपसूक जवळ सरकल्या.

"लिही," ती म्हणाली. "तो नदीपाशी उभा आहे, तिथून धर. आणि मी सांगेन तेवढंच लिहायचं. नावाड्याच्या बायकोला मध्ये आणायचं नाही, ती मी नंतर आणणार आहे."